शिकाऊ वैमानिकाचं हार्ड लँडिंग : लिहून द्यावं की गप्प राहावं?

रानजाई, नौपाडा

माझी मुलगी दुसऱ्या राज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये कमर्शियल पायलट लायसन्ससाठी (सीपीएल) शिकते आहे. सोलो, म्हणजे एकटीने उडणं, सुरू होऊन फार काळ झालेला नाही. गेल्या आठवड्यात दुपारच्या वेळी ती एकटी सेस्ना १७२ हे लहान विमान घेऊन सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून पुन्हा पुन्हा उतरण्याचा सराव, करत होती. एका लँडिंगला विमान जोरात आदळलं आणि उसळलं. पुन्हा खाली आलं तेव्हा पुढचं चाक आधी टेकलं, परत उसळलं, आणि तिसऱ्या वेळी कुठे धावपट्टीवर ठरलं. तिने ते सरळ थांबवलं आणि टॅक्सी करून जागेवर आणलं. तिला लागलेलं नाही. बाहेरून बघता विमानालाही काही झालेलं दिसत नव्हतं.

उतरल्यावर तिने इन्स्ट्रक्टरना सगळं सांगितलं आणि टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहिलं. विमान ग्राउंड झालं. स्कूलमध्ये विमानं मोजकी आहेत. त्यातलं एक हँगरमध्ये गेलं की सगळ्यांचेच तास लांबतात, त्यामुळे बॅचमधली काही मुलं तिच्याशी धड बोलत नाहीत. "डोळ्यांना काही दिसत नव्हतं तर लिहिलंस कशाला?" असं तिला तोंडावर ऐकवलं गेलं. ऑफिसातूनही खर्चाचा विषय निघाला आहे.

तिने मला फोनवर विचारलं, "आई, लिहायला नको होतं का?" लिहिलंस तेच बरोबर, असं मी तिला ठामपणे सांगितलं. पण मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. का बरोबर, हे विमानाच्या भाषेत मला सांगता येत नाही, आणि तिला आत्ता नेमकं तेच हवं आहे. इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे. कितीला हार्ड म्हणतात, आत काय मोडू शकतं, या नोंदीने तिचं पुढे नुकसान होईल का, जे माहीत असेल ते लिहा.

खाडीकिनारा, कोलशेत

मुलगी सुखरूप आहे, बाकी सगळं नंतर. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली होती, तेव्हापासून आमच्या सोसायटीतले एक काका नातवाला फोन केल्याशिवाय झोपत नाहीत. तुमची काळजी समजू शकतो. जाणकार लिहितीलच. वाचतो आहे.

लोलक, नेरुळ

रानजाई ताई, मी बरीच वर्षं इन्स्ट्रक्टर म्हणून काम करून निवृत्त झालो. तुमच्या मुलीने जे केलं ते माझ्या हाताखालच्या प्रत्येक विद्यार्थ्याने करावं असं मला वाटायचं, आणि सगळे करत नसत.

आधी त्या काही सेकंदांत काय झालं असावं ते सांगतो, म्हणजे तिच्या मनातलं कोडं सुटेल. सेस्ना १७२ फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) सोडून साधारण ६० ते ७० नॉट्सने येते. जमीन दहा ते वीस फुटांवर आली की नाक हळूहळू वर घ्यायला लागायचं. याला राउंड-आउट म्हणतात. तिथून पुढे विमानाला खाली बसू द्यायचं नाही असा प्रयत्न करत राहायचं, वेग घटत जातो, आणि उडण्याची ताकद संपत आली की मागची दोन चाकं आपसूक टेकतात. हे शिकवता येतं, पण हाताला कधी कळेल ते सांगता येत नाही. नजर विमानाच्या फार जवळ ठेवली तर जमीन धूसर पळताना दिसते आणि नाक एकतर उशिरा किंवा झटक्याने ओढलं जातं. फार लांब ठेवली तर उंचीचा अंदाज येत नाही. लवकर ओढलं तर विमान तरंगतं, वेग संपतो आणि ते काही फुटांवरून खाली बसतं. उशिरा ओढलं तर उतरतं तसंच आदळतं.

आता उसळीबद्दल, कारण खरा धोका तिथे आहे. १७२ चे मागचे पाय स्प्रिंग स्टीलचे असतात. पोलादी पट्टी वाकवून सोडावी तसे ते घेतलेली बरीचशी ऊर्जा परत देतात आणि विमान वर फेकलं जातं. समोर नाक वर गेलेलं दिसतं, वेग कमी झालेला जाणवतो, आणि विद्यार्थ्याचा हात घाबरून योक, म्हणजे समोरचं स्टिअरिंग, पुढे ढकलतो. तोवर विमान स्वतःच खाली यायला लागलेलं असतं. मग पुढचं चाक आधी आपटतं, नाक पुन्हा उडतं, हात पुन्हा उशिरा मागे येतो. हात आणि विमान यांची लय एकमेकांविरुद्ध जाते आणि प्रत्येक उसळी आधीपेक्षा वाईट होत जाते. पहिला दणका विमान बहुतेक वेळा सोसतं. पुढच्या चाकावर बसलेला दुसरा आणि तिसरा महागात पडतो.

छोटी उसळी असेल तर नाक आहे तसं धरायचं, किंचित पॉवर द्यायची आणि पुन्हा हळुवार बसवायचं. मोठी असेल, किंवा एकदा पुढचं चाक आधी लागलं असेल, तर विचार करत बसायचं नाही. पूर्ण थ्रॉटल, नाक सांभाळा, फ्लॅप्स टप्प्याटप्प्याने वर, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. टॉवरला नंतर सांगितलं तरी चालतं.

तिने तिसऱ्या वेळी विमान सरळ ठेवलं, धावपट्टी सोडली नाही, हे कमी नाही. हेही तिला सांगा.

आणि दुपारची वेळ. समजा धावपट्टी समुद्रसपाटीपासून २००० फुटांवर आहे आणि तापमान ४० अंश आहे. त्या हवेची घनता ५५०० फुटांवरच्या प्रमाणित हवेइतकी कमी होते. एअरस्पीड इंडिकेटर ६५ दाखवतो, पण विमान प्रत्यक्षात ७० च्या आसपास जात असतं. जमीन ओळखीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने येते. त्यात तापलेल्या धावपट्टीवरून वर येणारे झोत, म्हणजे विमान तरंगतं आणि मग एकदम सोडून दिल्यासारखं बसतं. नव्या सोलो विद्यार्थ्याला उन्हाळ्याच्या दुपारी पाठवू नये असं माझं मत आहे, आणि ते मी नोकरीत असतानाही मांडत होतो.

पाचवा मैल, खारघर

लोलक सरांच्या तांत्रिक माहितीबद्दल वाद नाही. पण मी दोन वर्षांपूर्वी सीपीएल करून आता एअरलाइनच्या भरतीची वाट बघतो आहे, तेव्हा विद्यार्थ्याच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवं.

लायसन्सला २०० तास लागतात. त्यातला प्रत्येक तास पैशांचा असतो, बहुतेक घरांत कर्जाचा. हप्ते कोर्स संपेपर्यंत थांबतात असं नाही. विमान ग्राउंड झालं की आठवडे जातात. लिहिणाऱ्याच्या फाइलमध्ये कागद लागतो, पुढच्या चाचणीच्या वेळी तीच फाइल उघडते, आणि दुरुस्तीचं बिल विद्यार्थ्याच्या माथी मारणाऱ्या जागाही मी पाहिल्या आहेत. ज्याने लिहिलं नाही त्याचं काहीच बिघडत नाही. त्यामुळे हॉस्टेलमध्ये सीनियर ज्युनियरला सांगतात, विमान चालतंय ना, मग गप्प बस. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण "सांगायलाच हवं" असं ठाण्यात बसून म्हणणं सोपं आहे. तिकडे एकवीस वर्षांच्या पोराला ते कितीला पडतं ते बघा.

हँगरवाला, ऐरोली

मी एएमई आहे, म्हणजे विमानाची तपासणी करून सही करणारा. पाचवा मैल, तुमचं म्हणणं पूर्ण वाचलं. तुम्ही सांगता तो त्रास खरा आहे. आता माझ्या बाजूने बघा.

१७२ चं पुढचं चाक ज्या नळीवर असतं तो हवा-तेलाचा शॉक स्ट्रट असतो, आणि तो फायरवॉलला बसवलेला असतो. फायरवॉल म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधला पातळ पत्रा. इंजिनचा माउंटही तिथेच जोडलेला असतो. पुढचं चाक आधी आपटलं की तो धक्का थेट या पत्र्यात जातो. पत्र्याला सुरकुती पडते, रिवेट सैल होतात, कधी माउंटची नळी वाकते. हे सगळं काउलिंगच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, आत. बाहेर उभं राहून विमान कितीही वेळ बघा, दिसणार नाही. प्री-फ्लाइटमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीत, विद्यार्थी तेलाच्या झाकणातून जेवढं बघतो त्यातही दिसण्याची खात्री नाही.

म्हणून हार्ड लँडिंगची नोंद आली की मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये त्यासाठी वेगळी तपासणी दिलेली असते. नेहमीच्या तासांच्या तपासणीत ती धरत नाहीत. काउलिंग काढून फायरवॉल, माउंट, पुढचा स्ट्रट, त्याचा फोर्क आणि टॉर्क लिंक बघायचे. मागच्या पायांच्या जोडाजवळ पोटाचा पत्रा, तिथले रिवेट, ब्रेकच्या नळ्या. टायर आणि रिम. पंखाच्या मुळाशी सुरकुती आहे का, इंधनाचा डाग आहे का. दरवाजे पूर्वीसारखे बसतात का, हे मी नेहमी आधी बघतो, कारण सांगाडा हलला की दरवाजा लगेच बोलतो. शेपटीखालची कडी घासली आहे का.

प्रॉपेलरची टोकं हा वेगळा विषय आहे. टोक जमिनीला नुसतं लागलं असलं तरी इंजिनच्या आत क्रँकशाफ्ट आणि त्याच्या मागच्या गिअरला धक्का बसलेला असू शकतो. इंजिन बनवणाऱ्या लायकॉमिंगचं याबद्दल सर्व्हिस बुलेटिन ५३३ आहे. इंजिन त्यानंतर छान चालत होतं, हे उत्तर तिथे चालत नाही. ताई, मुलीला एवढं विचारा की आदळताना पुढून वेगळा आवाज आला का किंवा आरपीएम (इंजिनचे फेरे) एकदम पडला का. तिला आठवत असेल ते जसंच्या तसं एएमईला सांगू दे.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विमानात ईएलटी असतो, म्हणजे अपघात झाला की आपोआप सुरू होणारं संकेत-यंत्र. जोराच्या दणक्याने तो लँडिंगलाही सुरू होऊ शकतो. ४०६ मेगाहर्ट्झवरचा त्याचा संकेत उपग्रहामार्फत बेंगळुरूच्या केंद्रात पोहोचतो आणि तिथून शोधाशोध सुरू होते. इंजिन बंद करण्याआधी रेडिओ १२१.५ वर लावून ऐकायचं. सायरनसारखा आवाज असेल तर टॉवरला लगेच सांगायचं.

आता मुद्द्याचं. नोंद नसेल तर मी हे काहीही उघडत नाही. मला कारणच नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विमानात दुसरा कोणी पहिल्या सोलोला बसतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. हँगरवाला, तुमची पोस्ट मी तिला जशीच्या तशी वाचून दाखवली. प्रॉपेलरचा आवाज आला नाही, आरपीएम पडला नाही असं ती म्हणते. ईएलटीचं तिच्या इन्स्ट्रक्टरनी त्याच वेळी तपासलं होतं.

तिचा अजून एक प्रश्न आहे. "माझं लँडिंग खरंच हार्ड होतं की मला वाटलं?" मोजायचं कसं? मोठ्या विमानांत यंत्र नोंद ठेवतं म्हणे. या लहान विमानात काय?

वर्गमूळ, कळवा

मी भौतिकशास्त्र शिकवतो. विमान चालवत नाही, पण आकड्यांचं सांगू शकतो.

लहान विमानांसाठी अमेरिकेच्या प्रमाणन नियमांत एक सूत्र होतं. विमानाचं वजन पौंडांत घ्या, त्याला पंखांच्या चौरस फुटांतल्या क्षेत्रफळाने भागा, येईल त्याचं चौथं मूळ काढा आणि ४.४ ने गुणा. उत्तर येतं ते चाकांनी सोसायचा खाली येण्याचा वेग, फूट प्रति सेकंदात. तो ७ पेक्षा कमी धरायचा नाही आणि १० पेक्षा जास्त धरायची गरज नाही. १७२ च्या अलीकडच्या एस मॉडेलचं कमाल वजन २५५० पौंड आणि पंख १७४ चौरस फूट. उत्तर साधारण ८.६ फूट प्रति सेकंद, म्हणजे २.६ मीटर.

हा वेग किती, ते कळायला उलट गणित करा. एखादी वस्तू किती उंचीवरून सोडली तर जमिनीला लागताना तिचा वेग एवढा होईल? फक्त ३५ सेंटीमीटर. गुडघ्याच्याही खाली. प्रत्यक्षात पंख शेवटपर्यंत थोडं वजन उचलत असतात, त्यामुळे विमान दगडासारखं पडत नाही. पण वेग संपलेलं विमान पाच फुटांवरून खाली बसलं तर मर्यादा किती लवकर गाठली जाते, त्याचा अंदाज यातून येतो.

दुसरं, चाकांना जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. खाली येण्याचा वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. त्यामुळे "नेहमीपेक्षा थोडंसं जोरात" हे शरीराला थोडंसंच वाटतं, पत्र्याला तसं नसतं.

आणि हे सूत्र पूर्ण विमानाच्या मुख्य चाकांवर बसण्याचं आहे. पुढच्या चाकावर एकट्याने सगळा भार आला तर हिशेब वेगळा.

लोलक

वर्गमूळ, फार छान समजावलंत. यंत्राबद्दल मी सांगतो. मोठ्या विमानांत उभ्या दिशेचा धक्का रेकॉर्डर टिपतो आणि ठरावीक आकडा ओलांडला की तपासणी लागते. जुन्या १७२ मध्ये असं काही नसतं. तिथे मोजमाप एकच, वैमानिकाचा शब्द. मॅन्युअलही "वैमानिकाने हार्ड लँडिंग सांगितलं तर" या पायावरच उभं आहे. म्हणून मुलीला वाटलं एवढं पुरेसं आहे. वाटणं चुकीचं निघालं तर विमान एक-दोन दिवसांत परत उडेल, कोणाचं काही जात नाही.

शतावरी, पनवेल

डॉक्टर म्हणून एक मुद्दा. सगळे विमानाची तपासणी करताहेत, मुलीची कोणी केली का? सरळ खालून वर बसलेला दणका पाठीच्या कण्यात जातो, आणि छातीचा शेवटचा मणका व कमरेचा पहिला मणका यांच्या आसपास तो सगळ्यात जास्त झेलला जातो. मार बसलेला असला तरी त्या दिवशी धावपळीत दुखणं जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसताना, वाकताना, खोकताना कळ येत असेल, पायाला मुंग्या येत असतील तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि विमानाचा दणका होता हे स्पष्ट सांगा. पाठ दुखत असताना "तास जातील" म्हणून उडायला बसू देऊ नका. काहीच दुखत नसेल तर उगाच एक्स-रे काढायची गरज नाही.

रानजाई

शतावरी ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला विचारलं. पाठ दुखत नाही, खांद्यावर पट्ट्याचा वळ होता तो गेला.

वाशीचा वारा, वाशी

विषयाला धरूनच एक शंका. आता उलव्याला नवी मुंबईचा एवढा मोठा विमानतळ झाला, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालं, डिसेंबरपासून विमानंही जायला लागली. इथे आपल्या मुलांना शिकायला एखादा कोपरा मिळाला असता तर घरापासून इतकं लांब जावं लागलं नसतं. लांबरुंद धावपट्टीवर लँडिंग सोपंही जाईल ना?

लोलक

वाशीचा वारा, प्रवासी विमानांच्या रांगेत शिकाऊ विमानाला सर्किटवर सर्किट करायला मोकळीक मिळणं कठीण. एक विद्यार्थी तासाभरात अनेकदा उतरतो आणि उडतो, तेवढा वेळ धावपट्टी अडकते. शिवाय मोठ्या विमानाच्या मागे राहिलेले हवेचे भोवरे लहान विमानाला उलटं करू शकतात. मुंबईच्या मुलांना शिकायला बाहेर जावं लागतं ते यामुळेच.

पण रुंदीचा प्रश्न चांगला विचारलात, कारण तिथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. उलव्याची धावपट्टी ३७०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद आहे. शिकाऊ विमानं ज्यावर उतरतात त्या पट्ट्या साधारण निम्म्या रुंदीच्या किंवा त्याहून अरुंद. डोळा उंची मोजतो ती धावपट्टीच्या आकारावरून. अरुंद पट्टीची सवय असलेला विद्यार्थी रुंद पट्टीवर आला की त्याला वाटतं आपण फार खाली आलो. तो नाक लवकर वर घेतो आणि उंचावरून खाली बसतो. रुंद पट्टीची सवय असलेला अरुंद पट्टीवर आला की त्याला वाटतं अजून बरीच उंची आहे, आणि राउंड-आउट व्हायच्या आत जमीन येते. चढाची धावपट्टी असेल तरी डोळा असाच फसतो. क्रॉस-कंट्रीला, म्हणजे दुसऱ्या गावी उड्डाण करताना, नव्या विमानतळावर उतरायच्या आधी विद्यार्थ्याने धावपट्टीची रुंदी वाचून ठेवावी, असा मी आग्रह धरत असे. रानजाई ताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत धावपट्टी तीच होती, त्यामुळे हे कारण नाही. पण तिला पुढे उपयोगी पडेल.

पाचवा मैल

हँगरवाला, तुमचं शेवटचं वाक्य मनात राहिलं. तरी माझा एक प्रश्न उरतोच. सांगणाऱ्याला शिक्षा आणि न सांगणाऱ्याला मोकळीक अशी व्यवस्था असेल तर मुलं कशी सांगणार? नियमात याला काही आधार आहे का? आणि हार्ड लँडिंग म्हणजे अपघात धरतात का? त्या शब्दाचीच सगळ्यांना भीती असते.

हँगरवाला

शेवटचं आधी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात अपघाताची व्याख्या आहे. कोणी मृत किंवा गंभीर जखमी झालं, किंवा विमानाच्या सांगाड्याची ताकद, कामगिरी वा उडण्याचे गुण बिघडतील आणि मोठी दुरुस्ती लागेल असं नुकसान झालं, तर अपघात. नुसते टायर, ब्रेक, चाकं, प्रॉपेलर यांपुरतं नुकसान त्यातून वगळलं आहे. म्हणजे टायर फुटला तर अपघात नाही. फायरवॉल आणि माउंट बदलायची वेळ आली तर प्रश्न गंभीर होतो. पण कुठल्या खान्यात घालायचं आणि डीजीसीए (विमान वाहतुकीचं नियामक) किंवा एएआयबीला (अपघातांचा तपास करणारी संस्था) काय कळवायचं, हे स्कूलच्या जबाबदार माणसांनी ठरवायचं असतं. विद्यार्थ्याने फक्त घडलं ते सांगायचं. हे ओझं त्याने डोक्यावर घेऊ नये.

शिक्षेबद्दल. प्रत्येक मान्यताप्राप्त फ्लाइंग स्कूलने सुरक्षा व्यवस्थापन चालवायचं असतं, आणि न घाबरता माहिती देता यावी हाच त्याचा पाया आहे. कागदावर सगळीकडे असतं. प्रत्यक्षात ते सीएफआय, म्हणजे स्कूलचा मुख्य इन्स्ट्रक्टर, कसा माणूस आहे यावर ठरतं. नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याला सगळ्यांसमोर खडसावलं की त्या स्कूलमध्ये पुढचं वर्षभर एकही हार्ड लँडिंग "होत" नाही. मी असं हँगर पाहिलं आहे. टेक लॉग स्वच्छ आणि विमानांची पोटं सुरकुतलेली.

खर्चाचं मात्र तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. प्रशिक्षणात उसळ्या होणारच. त्यासाठी विमानाचा विमा असतो. विद्यार्थ्याकडून पैसे मागणं म्हणजे पुढच्याला तोंड बंद ठेवायला शिकवणं. ताई, प्रवेशाच्या वेळी सही केलेला करारनामा काढा आणि नुकसानीचं कलम नीट वाचा. विम्याच्या वजावटीची रक्कम विद्यार्थ्याने भरायची असं त्यात लिहिलं आहे का ते बघा. लिहिलं नसेल तर तोंडी मागणीला तोंडी उत्तर देऊ नका. लेखी मागा.

रानजाई

तपासणीचा निकाल आला, म्हणून लगेच लिहिते आहे.

फायरवॉलच्या खालच्या भागात, पुढच्या स्ट्रटच्या जोडाजवळ सुरकुती सापडली. काही रिवेट सैल आहेत. प्रॉपेलर आणि इंजिन ठीक. पण तिथल्या एएमईंनी एक गोष्ट दाखवली म्हणून तिने फोन केला. सैल रिवेटांपैकी काहींच्या भोवती काळपट रेघा होत्या आणि एका भेगेच्या कडेला मळ साचलेला होता. ते म्हणाले, हे सगळं तुझ्या लँडिंगचं नाही, यातलं काही जुनं आहे.

त्या संध्याकाळी तिच्या बॅचचा एक मुलगा सीएफआयना भेटायला गेला. त्या आधीच्या आठवड्यात त्याचंही त्याच विमानात पुढच्या चाकावर लँडिंग झालं होतं. त्याने कुठे लिहिलं नव्हतं. त्याला आता काय म्हणतील या काळजीने माझी मुलगीच जास्त अस्वस्थ आहे. मला त्या मुलाबद्दल राग आला नाही. पाचवा मैल, तुम्ही जे लिहिलं होतं त्यामुळे तो का गप्प राहिला ते मला कळलं.

पाचवा मैल

ताई, तो मुलगा आता गेला हे मोठं आहे. निकाल हातात आल्यावर जाणं आणखी अवघड असतं. तुमच्या मुलीला सांगा, त्याला एकटं पडू देऊ नकोस. जे तिच्याशी बोलत नव्हते ते आता त्याच्याशी बोलणार नाहीत.

हँगरवाला

तुमच्या तिथल्या एएमईने नीट बघितलं आहे. सैल झालेला रिवेट उडताना सूक्ष्म हलत राहतो, धातू घासून त्याची काळी भुकटी होते आणि वाऱ्याने मागे ओघळते. आम्ही त्याला स्मोकिंग रिवेट म्हणतो. अशी रेघ एका दणक्यात तयार होत नाही, त्यावर उड्डाणं व्हावी लागतात. ताज्या भेगेची कड चकचकीत असते आणि रंग नुकता तडकलेला दिसतो. म्हणजे पहिल्या दणक्यानंतर ते विमान तसंच उडत राहिलं, आणि तुमच्या मुलीने ते घेतलं तेव्हा पुढचा भाग आधीच कमकुवत होता. तिने लिहिलं नसतं तर आणखी कोणीतरी घेतलं असतं.

विद्यार्थ्यांना लिहायचं असतं, पण काय लिहावं ते कळत नाही, हेही मी पाहिलं आहे. "हार्ड लँडिंग" एवढेच दोन शब्द आले तर मला कुठून सुरुवात करायची ते समजत नाही. साधारण असं लिहावं :

"दुपारी सर्किटमध्ये, फ्लॅप्स पूर्ण, समोरून डावीकडून हलका वारा. पहिला स्पर्श मुख्य चाकांवर, जोरात. उसळी. दुसरा स्पर्श पुढच्या चाकावर. पुन्हा उसळी. तिसरा स्पर्श मुख्य चाकांवर. प्रॉपेलरकडून आवाज नाही, आरपीएममध्ये घट नाही. शेपटी लागल्यासारखं वाटलं नाही. टॅक्सी करताना पुढच्या चाकात थरथर जाणवली. १२१.५ ऐकलं, संकेत नाही. हार्ड लँडिंग तपासणी व्हावी."

कोणतं चाक आधी लागलं आणि किती उसळ्या झाल्या, या दोन गोष्टी माझ्या सगळ्यात कामाच्या. कारणं, माफी, वाऱ्याला दोष, यातलं काही टेक लॉगमध्ये लिहू नये. ते इन्स्ट्रक्टरशी बोलायचं.

लोलक

यात माझी एकच भर. परत उडायला लागेल तेव्हा आधी सोलो नको. इन्स्ट्रक्टरबरोबर काही सर्किट, आणि त्यात मुद्दाम उसळीनंतरचे गो-अराउंड करून घ्यायला सांगा. हाताला एकदा कळलं पाहिजे की उसळल्यावर योककडे जायचं नाही, थ्रॉटलकडे जायचं. बरेच इन्स्ट्रक्टर फक्त चांगली लँडिंग करून घेतात आणि विद्यार्थ्याला सोडतात. बिघडलेलं लँडिंग सोडून द्यायचा सराव वेगळा करावा लागतो. आणि वेळ सकाळची मागून घ्या.

रानजाई

हँगरवाला, तुम्ही दिलेला नमुना तिला पाठवला आणि तिने तो बॅचच्या ग्रुपवर टाकला. तिच्याशी अबोला धरलेल्यांपैकी एकीने विचारलं, थरथर म्हणजे नेमकी कुठे जाणवते. त्याचं उत्तर तुम्हीच द्या, मी तसंच पुढे पाठवते.

सोमवारपासून तिची ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबरची, सर्किट आहेत, सकाळी साडेसहाला. गो-अराउंडचं तिने इन्स्ट्रक्टरना स्वतःहून सांगितलं, ते लगेच हो म्हणाले. करारनामा काढून वाचला. नुकसानीचं कलम आहे, पण वजावटीचा उल्लेख नाही. स्कूलला लेखी विचारलं आहे, अजून उत्तर नाही. आलं की इथेच लिहीन.

हँगरवाला

पुढच्या चाकाची थरथर पायाखालच्या रडर पेडलमध्ये आधी जाणवते, वेग कमी होताना वाढते आणि डॅशबोर्ड हलायला लागतो. ती कधीही जाणवली, दणका बसलेला असो वा नसो, तरी लिहायची. शिमी डॅम्पर (ही थरथर जिरवणारा भाग) किंवा टॉर्क लिंक सैल असतात. तपासायला फार वेळ लागत नाही.